वाक्याचा आरंभ : भाषाभाषांची रीत

शब्दांचे अर्थ ठाऊक असूनही इंग्रजी वाक्य उभे करताना मुले अडखळतात, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरून आलेला विद्यार्थी मग स्वतःलाच ‘ढ’ समजू लागतो व बोलणेच सोडतो. वास्तविक ही अडचण बुद्धीची नसून वाक्यरचनेची आहे. एका वाक्याला दुसरे जोडताना जोडणीची खूण आरंभी ठेवावी की शेवटी, याविषयी प्रत्येक भाषेची रीत निराळी असते.

‘तो येणार नाही, असे ती म्हणाली’ या मिश्र वाक्यात गौण वाक्य आधी येते व ‘असे’ ही खूण त्याच्या शेवटी. ‘ती म्हणाली, की तो येणार नाही’ येथे मात्र ‘की’ गौण वाक्याच्या आरंभी बसते. मराठीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. इंग्रजीतील ‘दॅट’ आरंभीच येतो. प्रसंगी गाळला जातो, पण वाक्याच्या शेवटी कधी जात नाही. निपाणी-बेळगावकडे आपल्या शेजारी नांदणारी कन्नड हेच ‘अवनु बरुवुदिल्ल एंदु अवळु हेळिदळु’ असे म्हणते. येथील ‘एंदु’ हे ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. आपल्या ‘म्हणून’चीही घडण तशीच. पालीतही उद्धृत बोलणे संपले, की शेवटी ‘ति’ येते. तेच संस्कृतातील ‘इति’. म्हणजे शेवटी खूण ठेवण्याची आपली सवय अडाणीपणाची नसून प्राचीन व प्रतिष्ठित आहे.

संबंधी सर्वनामांचेही तसेच. ‘जी मुलगी पहिली आली, ती आमच्या गावची’ या वाक्यात ‘जी’ आरंभी येते आणि ‘ती’ तिला उत्तर देते. पालीतील ‘यो’ आणि ‘सो’ यांची जोडी हीच. इंग्रजी आधी नाम सांगते, मग ‘हू’ म्हणते : ‘द गर्ल हू केम फर्स्ट’. तेथे उत्तरादाखल ‘शी’ लागत नाही. मराठी मूल मात्र ती घालते, कारण त्याच्या कानाला ‘ती’वाचून वाक्य अपुरे वाटते. कन्नडमध्ये ‘मोदलु बंद हुडुगि’, म्हणजे ‘पहिली आलेली मुलगी’, एवढ्यावर भागते.

प्रश्न विचारताना मराठी ‘तू येतोस का?’ असा शेवटी ‘का’ लावते, हिंदी आरंभी ‘क्या’ ठेवते, तर इंग्रजी साहाय्यक क्रियापदच कर्त्याच्या पुढे आणते. ‘व्हाय यू आर लेट?’ असे विचारणारा मुलगा ‘तू उशिरा का आलास?’ या मराठी प्रश्नाप्रमाणे कर्ता व क्रियापद जागच्या जागी ठेवत असतो. त्याला ‘व्हाय आर यू लेट?’ हे सांगताना ‘आर’ पुढे का आले, तेही सांगावे.

म्हणून फळ्यावर इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्य लिहावे आणि खुणेचा शब्द कोठून कोठे गेला, ते मुलांनाच शोधू द्यावे. घरी पालकांनीही चुकलेल्या वाक्याला हसू नये. मूल मराठीत तेच कसे म्हणते, हे आधी विचारावे. स्वतःच्या भाषेचा नियम उमगलेल्या मुलाला परक्या भाषेचा नियम शिकताना लाज वाटत नाही.