लियो राउसम : वाद्य घडविणारा वादक

बॅगपाइप म्हटला कीं फुगलेले गाल आमच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु आयर्लंडांतील इलन पाइप्स या वाद्याची पिशवी मुखानें न फुंकतां कोपराखालील भात्यानें भरतात. डब्लिन येथें १९०३ सालीं जन्मलेल्या लियो राउसम यांच्या घरीं हें वाद्य घडविण्याचा धंदा वडिलोपार्जित होता. त्या काळीं वादक विरळ झाले होते. शिकणारे नसतील तर वाद्य घेणार कोण, आणि वाद्यें नसतील तर शिकणार कशावर? राउसम यांनीं दोन्ही बाजू सांभाळल्या : कारखान्यांत वाद्यें घडविलीं व संगीतशाळेंत शिष्य तयार केले. १९७० सालीं ते निवर्तले. २०१७ सालीं युनेस्कोनें ही वादनकला मानवजातीच्या वारशांत गणली. सनईच्या सुरांत वाढलेल्या आम्हां विद्यार्थ्यांस हें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.