घरी घ्यायची केमो

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलाचे सलाईनचे, वॉर्डातले दिवस संपले की पुढे दीड-दोन वर्षे ‘मेंटेनन्स’ चालतो. आईवडिलांना हायसे वाटते, आणि ते साहजिकच आहे. पण आता केमो त्यांच्या हाती आलेली असते. सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, रोज द्यायची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या दोन वेळापत्रकांच्या गल्लतीची. दोन्ही गोळ्या बहुधा फिकट पिवळ्या. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी झपाट्याने घटतात. अशा चुकीने रुग्ण दगावलेही आहेत. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ठरलेला वारच लिहून घ्यावा. ही गोळी २.५ मिलिग्रॅमची असते, तशी १० मिलिग्रॅमचीही. दुकानातून नवी स्ट्रिप आणली की आधी तिच्यावरचा आकडा वाचायचा, मग गोळ्या मोजायच्या.

मेथोट्रेक्सेट फोलेटचा मार्ग अडवते. त्यामुळे अशक्तपणा दिसतो म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेले, फोलिक अ‍ॅसिड असलेले रक्तवाढीचे टॉनिक परस्पर सुरू करू नये.

सिक्स-एमपीची गोष्ट अधिक रंजक आहे. गर्ट्रूड एलियन यांनी १९५१ साली हे औषध तयार केले. १९८८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डीएनए बांधायला पेशीला प्युरिन लागतात. हे औषध त्यांच्याच रूपात आत शिरते आणि बांधकाम बिघडवते. झँथिन ऑक्सिडेज हे विकर मात्र ते मोडून टाकते. या विकराला रोखण्यासाठी एलियन यांच्या गटाने अ‍ॅलोप्युरिनॉल आणले. त्याने युरिक अ‍ॅसिडही उतरते असे दिसले, आणि ते गाऊटचे औषध झाले. आज हेच नाते धोक्याचे ठरते. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिले आणि सिक्स-एमपीचा डोस तसाच राहिला, तर मूळ औषध शरीरात साचून अस्थिमज्जा दबते. एकत्र द्यायचीच वेळ आली तर सिक्स-एमपीचा डोस साधारण चौथाई-तिहाईवर आणतात. कोणत्याही दवाखान्यात जाताना फाइल सोबत हवीच.

आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकातल्या बदलामुळे काही मुलांना सिक्स-एमपीचा नेहमीचा डोसही झेपत नाही. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघून डोस बदलतो. शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

सिक्स-एमपीची गोळी ५० मिलिग्रॅमची आणि मूल चार वर्षांचे, मग अर्धी करण्याची वेळ येते. ती हातमोजे घालून करावी, कुटू नये. गर्भवतीने हात लावू नये. टाटा मेमोरियल सेंटरने बेंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जसोबत २०२५मध्ये ‘प्रीव्हॉल’ हे याचे पातळ औषध आणले. सिरिंजने मोजून देता येणारा डोस लहानग्यांसाठी मोठाच दिलासा आहे.

अमेरिकेत स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवले, की सिक्स-एमपीचे ९५ टक्क्यांहून कमी डोस घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. महिन्यात दोन गोळ्या हुकल्या तरी आपण त्या रेषेखाली जातो. तरीही हुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून द्यायची नाही. उलटी झाली तर पुन्हा देण्याआधी फोन करून विचारायचे.

आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.