अपील चालू असताना माजी सैनिक गेला, तर पुढे काय?

अमेरिकेत लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, हे खातं देतं. दावा फेटाळला की अपील, आणि अपील वर्षानुवर्षं रेंगाळतं. मधेच माणूस जातो.

पूर्वी त्याच्याबरोबर अपीलही संपायचं. घरच्यांनी थकीत रकमेसाठी वेगळा दावा लावायचा, तोही मृत्यूच्या दिवशी फायलीत असलेल्या कागदांवरच. डॉक्टरांचं एखादं पत्र जोडायचं राहिलं असेल तर राहिलंच!

२००८ च्या कायद्याने हे बदललं. मृत्यू १० ऑक्टोबर २००८ ला किंवा नंतर झाला असेल, तर पात्र वारस मृताच्या जागी उभा राहून तेच अपील पुढे चालवतो आणि नवा पुरावाही देऊ शकतो. माझ्या मते खरा फायदा हाच.

पहिला हक्क जोडीदाराचा, मग मुलांचा, मग अवलंबून असलेल्या आईवडिलांचा. मात्र कमावती, मोठी झालेली मुलं सहसा यात बसत नाहीत. शेवटच्या आजारपणाचा किंवा अंत्यविधीचा खर्च केला असेल, तर तेवढ्यापुरतीच भरपाई मिळते.

अर्जाचा फॉर्म २१पी-०८४७. मुदत मृत्यूपासून एक वर्ष. तिकडे ओळखीत कुणावर अशी वेळ आली असेल, तर त्यांना ही मुदत आजच कळवा.