रिकाम्या पिस्तुलाचा घाव कुठे बसतो?

पिस्तुलात काडतूस नाही. तरी नेमबाज उभा राहतो, श्वास स्थिर करतो, नेम धरतो आणि चाप ओढतो. ‘टक्’ एवढाच आवाज येतो. याला ड्राय फायरिंग म्हणतात. नवशिके नेमबाज ते करतात आणि ऑलिंपिकला जाणारेही. मग मनात येतंच, की असं रिकामं चालवून पिस्तूल बिघडत कसं नाही? उत्तर एका बारीक पोलादी काडीत आहे. तिचं नाव फायरिंग पिन.

चाप ओढला की ही पिन झेपावते आणि काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेल्या प्राइमरला, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोपीला, पोचा पाडते. प्राइमरचा पत्रा मऊ असतो. पोचा पडता पडता पिनचा बराच जोर तिथेच जिरतो. काडतूस नसलं की रिकाम्या उखळात मुसळ घातल्यासारखं होतं. सगळा घाव पिन अडवणाऱ्या भागांना सोसावा लागतो. आजच्या बहुतेक सेंटरफायर, म्हणजे असा मधोमध प्राइमर असलेली काडतुसं वापरणाऱ्या, पिस्तुलांत हे भाग तो घाव पेलतील असेच घडवलेले असतात. ग्लॉक पिस्तूल सफाईसाठी खोलायचं, तर चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची खात्री करून आधी चाप ओढावाच लागतो! उलट जुन्या चेकोस्लोव्हाक सीझेड ५२ ची पिन अशा सरावात तुटते, म्हणून ती बदनाम आहे.

खरी गंमत पॉइंट २२ च्या काडतुसात आहे. त्यात वेगळा प्राइमर नसतोच. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो आणि ही कड जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. पिन मधोमध न लागता कडेवर लागते. आता काडतूस काढून घ्या. पिनच्या अगदी समोर येतो तो चेंबरचा काठ. पिन वेळेत अडली नाही, तर पोलादावर पोलाद आपटतं. काठाला खाच पडते, पिनचं टोक बोथट होतं आणि पुढे काडतूस नीट बसेनासं होतं. काही पॉइंट २२ पिस्तुलांत पिनला आधीच अडवणारी खीळ असते, काहींत नसते. म्हणून ज्याचं त्याचं माहितीपुस्तक वाचायचं. शंका असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे घाव झेलणारं खोटं काडतूस, वापरायचं. स्प्रिंगचं एअर पिस्तूल तर रिकामं चालवूच नये. छर्रा नसला की हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन थेट आदळतो. स्पर्धेच्या आधुनिक एअर पिस्तुलांत मात्र हवा न सोडता नुसता चाप चालवायची सोय असते.

एवढा खटाटोप कशासाठी? २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असतं. चाप ओढताना पुढची साइट एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त सरकते. प्रिसिजन फेरीतलं दहा गुणांचं वर्तुळ आहे फक्त ५ सेंटिमीटर रुंद! कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, ते हा हिशेब सांभाळून. खऱ्या फायरमध्ये आवाज आणि धक्का आपली चूक झाकून टाकतात. रिकाम्या पिस्तुलात ‘टक्’ होताना साइट हलली, तर ती डोळ्यांना लख्ख दिसते. एक गोळीही खर्च न होता आपला हात आपल्यालाच वाचता येतो, हे किती विलक्षण आहे!

पिस्तुलाआधी माणसांची काळजी घ्यायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटला तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. नळीची दिशा अशी ठेवा, की चुकून गोळी सुटलीच तर ती तिथेच अडेल. सराव संपला की ‘संपला’ असं मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल कुलपात ठेवा. ‘अजून एकदाच’ म्हणून पुन्हा हातात घेतलं, तर ही सगळी तपासणी पहिल्यापासून करायची. मधल्या वेळात पिस्तूल भरलेलं असू शकतं.