द्रव्य तेच, घडण वेगळी

बालाघाटच्या माळावर मातीचा थर पातळ. जरा खणले की काळा कातळ लागतो. याच बरड जमिनीत बीडचे सीताफळ पिकते, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कातळ निर्जीव आणि झाड सजीव, यावर कोणाचे दुमत नाही. पण दोघांचे पृथक्करण केले, तर निर्जीव सृष्टीत नाही असे एकही मूलद्रव्य झाडात सापडत नाही. फरक आधी दिसतो तो प्रमाणात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या या बेसाल्टमध्ये ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनचा भरणा असतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात मात्र जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतल्या जेमतेम ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइडमधून पानांनी वेचलेला असतो.

मग कार्बनी रसायने हीच सजीवाची खूण मानायची का? एकेकाळी तसे मानत. शरीरातल्या ‘जीवनशक्ती’वाचून ती बनतच नाहीत, असा समज होता. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि त्या समजाला तडा गेला. गुरांच्या मूत्रातला युरिया आणि कृषी सेवा केंद्रातल्या पोत्यातला युरिया यांच्या रेणूत काडीचाही फरक नाही.

खरा भेद घडणीत आहे, हे ज्वारीचे दोन दाणे दाखवतात. एक उकळायचा, दुसरा नुसता भिजवायचा. मूलद्रव्ये दोघांत तीच, तरी कोंब येतो तो भिजवलेल्यालाच. उकळल्याने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, पेशीभोवतीचे स्निग्ध पटल फाटते. जिवंत पेशीत या पटलाच्या आत पोटॅशियम दाटलेले असते, बाहेर कमी. ती तफावत राखायला पेशी सतत ऊर्जा खर्चते. शिवाय डीएनएतल्या सूचनांबरहुकूम ती आपली झिजलेली प्रथिने पुन्हा बनवते. कातळाला असा खर्चही नाही आणि डागडुजीही नाही.

यावर कोणी म्हणेल, बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिकही वाढतात. वाढतात, पण बाहेरून थरावर थर चढून. आत घेतलेल्या द्रव्याचे रूपांतर ते करत नाहीत. कोरडे बियाणे वर्षभर निपचित पडून राहते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिथे व्यवहार अत्यंत मंदावलेला असतो, मात्र घडण शाबूत असते, म्हणून पाणी मिळताच तो पुन्हा सुरू होतो. विषाणूपाशी सूचना असतात, पण त्या अमलात आणणारी यंत्रणा त्याला दुसऱ्याच्या पेशीतली वापरावी लागते. म्हणून तो सीमेवरच राहतो. भेद द्रव्याचा असता तर अशी सीमारेषा धूसर झालीच नसती. तो घडणीचा आहे, म्हणूनच तिथे अधलेमधले टप्पे संभवतात.