फोर-के टी. व्ही. : घ्यावा की जुनाच ठेवावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टी. व्ही. संचावरील जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे कराशिवाय ज्या संचाची किंमत रु. २५,००० आहे तो पूर्वी रु. ३२,००० ला पडत असे, तो आता रु. २९,५०० ला मिळावयास हवा. (३२ इंच व त्याहून लहान संचावर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे, त्यांच्यात या वेळी काही फरक पडलेला नाही.) कर उतरल्यापासून दुकानावर येणारे ओळखीचे लोक कापडाच्या भावाबरोबर हाही प्रश्न विचारू लागले आहेत की, घरातला फुल एच. डी. टी. व्ही. काढून फोर-के घ्यावा काय? मी टी. व्ही. चा व्यापारी नाही. परंतु हा प्रश्न मुळात विणीचा आहे आणि विणीचा हिशेब कापडवाल्याला समजतो, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

आपल्याकडे ग्रे कापडाचा सौदा रीड-पिकवर होतो. एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, ते भिंग लावून मोजतात. टी. व्ही. च्या पडद्यावर धाग्यांच्या जागी ठिपके असतात. फुल एच. डी. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८२ लाख ९४ हजार. बरोबर चौपट. स्वस्तातला एच. डी. रेडी संच १३६६ बाय ७६८ चा असतो, त्यात सुमारे साडेदहा लाख. आता ४३ इंची पडदा घेऊन इंचाचा हिशेब करा. (हे ४३ इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप आहे, रुंदी साडेसदतीस इंचच भरते.) फुल एच. डी. मध्ये एका इंचात ५१ बाय ५१ ठिपके बसतात आणि फोर-के मध्ये १०२ बाय १०२. आमच्या भाषेत ५१-५१ चा माल आणि १०२-१०२ चा माल. कागदावर पाहिले तर दुसरा माल निःसंशय सरस आहे.

परंतु कापड आपण हातात घेऊन पाहतो. टी. व्ही. कोणी हातात घेऊन पाहत नाही. ९२-८८ चे केंब्रिक आणि त्याहून विरळ विणीचे कापड शेजारी शेजारी टांगून मी नऊ फुटांवर उभा राहिलो, तर तीस वर्षे या धंद्यात काढूनसुद्धा मला कोणते कोणते आहे ते सांगता येणार नाही. हीच गोष्ट टी. व्ही. ची आहे.

नजरेला मर्यादा असते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ज्याला ६/६ म्हणतात त्या नजरेचा माणूस एका अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातील दोन वस्तू वेगळ्या ओळखू शकतो. त्याहून बारीक असेल तर दोन ठिपके एकमेकांत मिसळून जातात. यावरून हिशेब केला तर एक सोपा आडाखा निघतो, तो वाचकांनी कागदावर उतरवून घ्यावा. पडद्याचे जितके इंच, त्याला ४ ने गुणावे. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसणाऱ्याला फुल एच. डी. चे ठिपके दिसत नाहीत. म्हणून तेथे फोर-के चा जादा बारकावाही दिसणार नाही. ४३ इंचांसाठी हे अंतर १७२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट. ५५ इंचांसाठी २२० सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात फूट. एच. डी. रेडी संचासाठी ४ ऐवजी साडेपाचने गुणावे.

आता टेप घ्या आणि आपल्या बैठकीत भिंतीपासून सोफ्यापर्यंत मोजा. बहुतेक घरांत नऊ फुटांच्या आसपास भरेल, म्हणजे २७५ सेंटिमीटर. त्याला ४ ने भागले तर जवळजवळ ६९ येतात. याचा अर्थ असा की, नऊ फुटांवरून फोर-के चा खरा फायदा नजरेस पडावयाचा तर पडदा ७० इंचांच्या घरात हवा. ४३ इंची संच याच अंतरावरून पाहणाऱ्याला एच. डी. रेडी आणि फोर-के यांच्यातसुद्धा बारकाव्याचा फरक करणे कठीण आहे. काही तरुणांची नजर ६/६ हून तेज असते, त्यांच्या बाबतीत हा आकडा थोडा पुढे सरकेल. उलट पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी कोणाला मोतीबिंदू सुरू झाला असेल, तर त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर बदलला तर जुनाच टी. व्ही. नवा दिसू लागतो, हे मी थट्टेने म्हणत नाही.

दुसरा मुद्दा असा की, यंत्र फोर-के असले तरी त्यात येणारा माल कोणत्या विणीचा आहे? केबल किंवा डिशवरील साध्या वाहिनीचे चित्र ७२० बाय ५७६ चे असते, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोर-के पडद्यावर याच्या बरोबर वीसपट ठिपके आहेत. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यावरून यंत्राला अंदाजाने वीस ठिपके भरावे लागतात. चांगल्या कंपनीचे यंत्र हे काम बऱ्यापैकी करते, हलक्या यंत्रात चेहरे मेण फासल्यासारखे दिसतात. शिवाय पडदा मोठा झाला की जुन्या चित्रातील दोषही मोठा होतो. "नवा टी. व्ही. आणला आणि चित्र बिघडले" अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते.

फोर-के दर्जाचे प्रक्षेपण आपल्या देशात झालेच नाही असे नाही. २०१५ च्या प्रारंभी टाटा स्कायने फोर-के सेट टॉप बॉक्स बाजारात आणला होता, आणि २०२३ साली आयपीएलचे सामने इंटरनेटवरून फोर-के मध्ये दाखविण्यात आले. १९७५ चा 'शोले' सुद्धा २०२५ साली फोर-के मध्ये नव्याने तयार करून दाखविला गेला. जुना चित्रपट ३५ मि. मी. च्या रिळावर घेतलेला असतो आणि रिळात बारकावा भरपूर असतो, म्हणून हे शक्य होते. जी जुनी मालिका त्या काळच्या व्हिडिओ टेपवर घेतली गेली, तिच्यात जो बारकावा नाही तो आणणार कोठून? तेव्हा रोज बातम्या, मालिका आणि रमजानमध्ये हरम शरीफची तरावीह साध्या वाहिनीवर पाहणाऱ्या घराला फोर-के पडद्याने विशेष काही मिळत नाही. इंटरनेटवरून फोर-के पाहावयाचे तर नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग मागते आणि ही सोय तिच्या सर्वांत महागड्या योजनेतच मिळते. तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. संचाच्या किमतीत हा दरमहाचा खर्च कोणी मोजत नाही.

येथे एक छोटी गोष्ट सांगतो. माझ्या फूफींच्या घरी एच. डी. बॉक्स होता, वाहिन्यांचे जादा भाडेही त्या भरत होत्या, पण वायर लाल-पिवळी-पांढरीच लावलेली होती. पिवळ्या वायरीतून एच. डी. चित्र येऊच शकत नाही. दोन-अडीचशे रुपयांची एचडीएमआय वायर लावली आणि नवा टी. व्ही. घेण्याचा विषय तेथेच संपला. संच बदलण्यापूर्वी प्रत्येकाने मागे हात घालून वायर कोणती आहे ते पाहावे.

आता माझी स्वतःची फसगत. २०२२ साली मुलाच्या आग्रहाखातर मी घरातला चांगला चालता ४३ इंची फुल एच. डी. संच उतरवून तेवढ्याच मापाचा फोर-के आणला. शोरूममध्ये दोन हातांवरून पाहिला होता, चित्रातला पाण्याचा थेंब न् थेंब मोजता येत होता. घरी नऊ फुटांवरून पाहिला. अम्मी म्हणाल्या, "बदलला कधी?" मग पुढे तो संच मी दुकानात नेला आणि तेथे त्याचे चीज झाले. आम्ही सूरतहून येणाऱ्या ड्रेस मटेरियलचे फोटो गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवितो. गिऱ्हाईक तीन फुटांवर उभे असते, त्याला जरीचे काम, बुट्टी, काठाची वीण पाहावयाची असते. नव्वद सेंटिमीटरवरून १०२-१०२ चा फरक उघड दिसतो. ज्यांचा डिझाईनचा, साड्यांचा, दागिन्यांचा धंदा आहे त्यांनी दुकानासाठी फोर-के अवश्य घ्यावा.

मात्र तेथेही एक ठोकर खाल्ली. संचात चित्राचे निरनिराळे प्रकार असतात. शोरूमवाले 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' लावून ठेवतात, त्यात प्रत्येक रंग भडक होतो. मी तो बदलला नव्हता. कोकणातल्या एका दुकानदाराने पडद्यावर पाहून रामा रंगाचे १४ सूट पसंत केले. माल पोहोचल्यावर म्हणाला, हा रामा नव्हे. चूक माझी होती, माल परत घेतला, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले. तेव्हापासून संच 'सिनेमा' वर आहे आणि रंगाचा सौदा मात्र कपड्याचा तुकडा पाठवूनच होतो. ठिपक्यांच्या संख्येचा आणि रंगाच्या खरेपणाचा एकमेकांशी संबंध नाही, ही गोष्ट मला त्या चौदा सुटांनी शिकविली.

वास्तविक पाहता चित्र चांगले दिसणे हे ठिपक्यांपेक्षा पडद्याच्या उजेडावर, काळा रंग किती काळा दिसतो त्यावर आणि कडेला बसणाऱ्याला रंग फिका दिसतो की नाही यावर अधिक अवलंबून आहे. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा छापला जातो. चादरीच्या बाजारातही हेच चालते. एका धाग्यात पीळ दिलेले तीन-चार पदर वेगवेगळे मोजून 'हजार थ्रेड काउंट' लिहितात, आणि धुतल्यावर चादरीला गोळे येतात. टी. व्ही. मध्ये 'फोर-के सपोर्ट' हा असाच शब्द आहे. तो संच फोर-के चित्र स्वीकारतो, पण पडदा फुल एच. डी. किंवा त्याहूनही हलका असू शकतो. खोक्यावर ३८४० बाय २१६० हा आकडा पडद्यासमोर लिहिलेला आहे का, तेवढे वाचावे. ५० इंच किंवा अधिक मापाचा संच घेणार असाल तर हा वादच राहत नाही, कारण त्या मापात जवळजवळ सर्व संच फोर-के च येतात. तेथे पैसे चांगल्या पडद्यासाठी मोजावेत. एट-के च्या नादी तर घरगुती गिऱ्हाइकाने लागूच नये.

हप्त्यांविषयी लिहिणे जरूर आहे, कारण आपल्या बिरादरीत अनेक जण 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी समजून घेतात. समजा संच रु. ३०,००० चा आहे आणि सहा महिने रु. ५,००० भरावयाचे आहेत. बँक वर्षाला १५ टक्के दर लावते. अशा वेळी दुकानदार सुमारे रु. १,२७० सूट दाखवितो, बँक रु. २८,७३० कर्ज देते आणि तेच रु. १,२७० व्याज म्हणून वसूल करते. कार्डाच्या हिशेबपत्रकात 'इंटरेस्ट' असा शब्द स्पष्ट छापून येतो. त्या व्याजावर १८ टक्के जी. एस. टी. म्हणजे सुमारे रु. २२९ वेगळे, आणि प्रक्रिया शुल्क रु. १९९ धरले तर करासह रु. २३५ आणखी. म्हणजे 'नो कॉस्ट' ला रु. ४६० च्या वर खर्च आला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही, व्याज शुल्काच्या रूपाने झाकले जाते. हे सूद आहे की नाही याचा फतवा उलमा देतील, मी फक्त खातेवही उघडून दाखविली. रोख घेणाऱ्याने एवढे करावे की, जी सूट दुकानदार बँकेच्या नावाने देतो ती आपल्याला रोखीवर मागावी. मी मागितली तेव्हा पूर्ण नाही, पण रु. ९०० मिळाले.

आणखी एक बाब व्यापारी बंधूंसाठी. घरच्या टी. व्ही. चे बिल फर्मच्या नावाने करून इनपुट क्रेडिट घेण्याची पद्धत दिसते. स्वतःच्या वापराच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही, जी. एस. टी. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तशी तरतूद आहे. दुकानात गिऱ्हाइकासाठी लावलेल्या संचाची गोष्ट वेगळी, पण मग तो संच दुकानातच असावयास हवा. माझे २०२२ चे बिल घरासाठी, माझ्या नावाने होते, म्हणून पुढे संच दुकानात नेऊनही मी क्रेडिट घेतले नाही.

घरी जुना फुल एच. डी. पुन्हा भिंतीवर चढविला. त्यात इंटरनेट चालत नव्हते, म्हणून मागच्या एचडीएमआय खाचेत साडेतीन हजारांची स्टिक लावली. मुलाला मॅच दिसते, अम्मींना तरावीह दिसते. विजेचा दाब आमच्याकडे खाली-वर होतो, तेवढ्यासाठी एक स्टॅबिलायझर मात्र नवा घ्यावा लागला.