खालून वर वाचायचे दगड

लेबनॉनमधल्या सिदोनजवळ १८८७ साली उस्मानी पुरातत्त्वज्ञ उस्मान हमदी बे यांनी एक फिनिशियन थडगे उघडले. आत तबनीत राजा होता. पेटीवर त्याने कोरून घेतले होते की माझ्यापाशी सोने नाही, चांदी नाही, मला उठवू नका. उठवाल तर निर्वंश व्हाल. पेटी मात्र मुळात एका इजिप्शियन सेनापतीची. त्याचा चित्रलिपीतला लेख तसाच ठेवून राजेसाहेब आत निजलेले!

गोव्यात असे राजवाडी थडगे शोधण्यात अर्थ नाही. इथल्या कदंब राजांच्या काळातल्या योद्ध्याचा देह चितेवर गेला, मागे उरला तो वीरगळ, म्हणजे त्याच्या आठवणीचा कोरीव दगड. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात असे दगड ओळीने उभे आहेत. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. काही दगडांवर तळाला घोडे नाहीत, वल्ही मारणाऱ्यांनी भरलेली गलबते आहेत. कदंबांची सत्ता समुद्रावर पोसलेली होती, हे ताम्रपटांपेक्षा ही गलबते जास्त रोखठोक सांगतात. बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळही याच जातीचे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी झुंजीशी अभ्यासक ते जोडतात. वरच्या चौकटीतले लिंगही उगाच नाही. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, म्हणजे शिवच. दिवाडी बेटावरचे त्याचे देऊळ मोडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

या दगडांचा अबोलाही ऐकावा लागतो. तापाने गेलेला शेतकरी, बाळंतपणात गेलेली बाई, बुडालेला खलाशी यांच्या नावे वीरगळ नाही. स्त्री दिसते ती सतीशिळेवर, तीही पुष्कळदा बांगड्या भरलेला नुसता एक हात होऊन. त्या हाताला नमस्कार करताना मला तरी संकोच वाटतो.

संग्रहालयाला लागूनच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या शिळा बसवल्या आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हे कोरलेली, पण लोक त्यांवरून चालतात. शेजारच्या इमारतीतल्या बहुतेक वीरांना नाव नाही, पण ते उभे आहेत.

डिचोली पोर्तुगिजांकडे गेली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे सोळाव्या शतकातच पडली होती. डिचोली-पेडण्याच्या उत्तरेकडच्या मुलखाला त्यानंतर दोनशे वर्षे जास्त मिळाली. म्हणून इथे मेलेल्यांशी असलेले नाते संग्रहालयात जाऊन पाहावे लागत नाही. शिगम्यात घोडेमोडणीवाले कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात, ते जुन्या लढायांची आठवण म्हणून. आणि डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीच्या सुमारास अंगात आलेले पुरुष, म्हणजे गडे, रात्री रानात, मसणवटीकडे धावतात. दूर डोंगरावर दिसणारी आग देवचार नावाच्या अदृश्य शक्तीची, असे गाव मानते. तो एखाद्‌दुसऱ्या गड्याला लपवून ठेवतो आणि पुढच्या रात्री बाकीचे गडे जाऊन त्याला परत घेऊन येतात.